रुमालाखाली

बाहेर सेहेचाळीस अंश. आत कूलर,
वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास
आणि मोटरीची जुनी खरखर.
उटीला घोडे आता गारव्यात चालत असतील,
अंगातून वाफ निघत असेल त्यांच्या.
मला दिसतात फक्त आकडे. निळे, गुलाबी.

पाच नंबर, मखमल क्वीन. तीन चाळीस.
पाच हजार लावले.
तीन दहा झाला की खाऊन टाकायचे,
मधला फरक खिशात घालून उठायचं,
घोडी पळायच्या आत.
हेच आमचं काम.
शर्यत सुटण्याआधी शर्यतीतून निघून जाणं.

तीन साठ.
असू दे, बाजारही श्वास घेतो.
चार. चार वीस.
मग मधले आकडेच नाहीत.
पाच. साडेसहा.
अंधारात जिना उतरताना
एक पायरी कमी निघावी
तसा पाय हवेत.

कोणाला तरी काहीतरी कळलंय.
काय?
नाल निखळला? जॉकीचं पोट बिघडलं?
वळणावर जराशी लंगडली का,
आणि ते एका मोतद्दाराने पाहिलं,
त्याने मेव्हण्याला सांगितलं, मेव्हण्याने फोन उचलला?
की कुण्या गाढवाने घाईत एक शून्य जास्त दाबलं
आणि आम्ही सगळे, बंगळुरूपासून गोकुळपेठेपर्यंत,
त्या शून्यामागे धावत सुटलो?

सात ऐंशीला खाल्ले.
आता जिंकली तरी अठ्ठावीसशे गेले,
हरली तरी अठ्ठावीसशे गेले.
इतकी समान वागणूक
मला आजवर कोणी दिली नव्हती.

अण्णा संत्रा मार्केटात दलाल होते.
खांद्यावरचा रुमाल काढायचे,
गिऱ्हाइकाचा हात त्याखाली घ्यायचे
आणि बोटांनी भाव बोलायचे.
वर चेहरे कोरे. वर हवापाण्याच्या गप्पा,
आंबिया बहार, कुणाच्या पोरीचं जमलं का.
खाली करंगळी दाबली की पन्नास उतरले.
"भाव फुटाच्या आंधी," ते म्हणत,
"समोरच्याच्या हाताले घाम येते.
तोंड खोटं बोलते बापू, तळवा नाही बोलत."

मी स्क्रीनवर बोट ठेवून पाहिलं.
कोमट होती. चार्जर तापला होता.

आणि मग, कोणी काही केलं नाही,
कोणी माफी मागितली नाही,
साडेसात, सहा, चार दहा,
तीन तीस.
दीड मिनिटही झालं नव्हतं.
मांजर ओट्यावरून उतरून
पुन्हा ओट्यावर येऊन बसावी तसा भाव,
मिश्या चाटत.

मखमल क्वीन तिसरी आली.
मी पाहिली नाही. कूलरमध्ये पाणी घालत होतो.

रात्री पिंटू बोरकुटेच्या वरातीत
मोमिनपुऱ्याच्या हमीदभाईंची पांढरी घोडी,
कपाळावर आरशांचा पट्टा, डोळ्यांना झापड.
नवरदेव अजून पार्लरमध्ये.
मी सहज विचारलं, किती घेता?

"आज सात हजार. तिथी हाय ना.
परवा तिथ्या संपल्या की
पंधराशेत बी कोनी पुसत नाही इले.
घोडी तेच. चना बी तितकाच खाते."
हसले, विडीची राख झटकली.
"सकाळी एक पार्टी अकरा द्यायले तयार होती.
मी म्हनलं, जबान दिली."

मी तिच्या मानेवर हात ठेवला.
ओली होती. आत काहीतरी धडधडत होतं,
माझ्या हाताशी त्याचं काही घेणंदेणं नव्हतं.
एकेचाळिसाव्या वर्षी घोड्याला पहिल्यांदा हात लावला.
दहा वर्षं जगलो मी यांच्यावर.

तेवढ्यात तिने कान मागे पाडले,
मागचा पाय उचलला, ठेवला.
बँडवाले अजून तुतारीच पुसत होते.
सगळं शांत होतं.
मी दोन पावलं मागे सरकलो
आणि घड्याळाकडे पाहिलं,
का ते माहीत नाही.